प्रत्येक संवाद दोनदा

चिंचाळकरांशी पाच मिनिटे बोलणे झाले की शेवटी ते एक प्रश्न विचारतात आणि उत्तरासाठी चार पर्याय देतात. बोलणे कशाविषयी होते याला महत्त्व नाही. मी एकदा त्यांना माझ्या पोटाच्या तक्रारीविषयी सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, चष्मा पुसला आणि विचारले, "वक्त्याचा मुख्य हेतू कोणता? अ, सहानुभूती मिळवणे. ब, औषधाची माहिती घेणे. क, आज रात्रीच्या जेवणाचे आमंत्रण टाळणे. ड, यांपैकी एकही नाही."

उत्तर 'क' होते. ते त्यांनी ओळखले याचा मला राग आला.

मी निवृत्त जिल्हा न्यायाधीश आहे. पत्नीच्या निधनानंतर मुलाने मला अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरला आणले. चिंचाळकरांचे घर आमच्या घरापासून तिसरे. न्यायालयात साक्षीदाराला उत्तर सुचवणारा प्रश्न विचारू देत नाहीत. चिंचाळकर एकाच वेळी चार उत्तरे सुचवतात. ओळख झाली तेव्हाच मी हरकत घेतली होती. ते म्हणाले, "जजसाहेब, तुमच्या कोर्टात खरं उत्तर कुणालाच माहीत नसतं. माझ्याकडे ते चारांत एक असतंच."  

त्यांचा सारा उमेदीचा काळ परीक्षेसाठी उतारे लिहिण्यात गेला. उतारा वाचा किंवा ऐका आणि खालील प्रश्नांची उत्तरे द्या, अशा प्रकारचे इंग्रजी उतारे. मधमाश्या, झुलते पूल, छपाईचा शोध, हत्तींची स्मरणशक्ती. त्यामुळे जगातील प्रत्येक विषयाची त्यांना अडीचशे शब्दांइतकी माहिती आहे. मधमाश्यांविषयी विचारा, ते अडीचशे शब्द अस्खलित सांगतील. दोनशे एक्कावन्नावा शब्द त्यांच्यापाशी नाही.

त्यांचे दोन सिद्धान्त आहेत. पहिला, उत्तर मजकुरातच असते. मजकुराबाहेर जायचे नाही. कोणी म्हणाले की अमुक मनुष्य सज्जन आहे, की चिंचाळकर विचारतात, "मजकुरात कुठे आहे?" दुसरा सिद्धान्त असा की प्रत्येक संवाद दोनदा ऐकवला पाहिजे, कारण पहिल्या वेळी मनुष्य ऐकत नाही, तो घाबरलेला असतो. म्हणून ते स्वतः महत्त्वाचे वाक्य दोनदा उच्चारतात, मध्ये थोडे थांबून. "गॅस बंद केला का?" थोडा विराम. "गॅस बंद केला का?"

आमच्या वसाहतीत नागपूरच्या एका तरुण इंजिनिअराने घर घेतले आणि सत्यनारायण केला. गुरुजी आठवडाभर संगणकाच्या कंपनीत असतात आणि शनिवार-रविवारी गुरुजी असतात. कथा संपली. मंडळी प्रसादासाठी उठू लागली. तोच चिंचाळकरांनी हात वर केला.

"गुरुजी, साधुवाण्याच्या जावयाविषयी या कथेवरून निश्चितपणे काय म्हणता येईल?"

गुरुजी गोंधळले. म्हणाले, "जावई... चांगला होता."

"मजकुरात कुठे आहे?"

गुरुजींनी फोनवर पोथी उघडली आणि ते खरोखर शोधू लागले. यजमान हात जोडून म्हणाला, "काका, आधी प्रसाद घ्या ना यार... म्हणजे, सॉरी, प्लीज. शिरा गार होतोय." त्याची मुलगी विचारत होती, "इज धिस अ क्विझ? इज देअर अ प्राइझ?" मी त्या वेळी शिऱ्याच्या वाटीकडे पाहत होतो. चिंचाळकरांबरोबर कोठेही गेले की मला कशाकडे तरी पाहत राहावे लागते.

एकदा पोलिसाने त्यांची गाडी थांबवली. चौकात थांबण्याची पाटी होती आणि चिंचाळकर पुरेसे थांबले नव्हते. तो उंच तरुण पोलीस खिडकीशी वाकून शांतपणे समजावू लागला. पाटी, नियम, लहान मुले, शाळा. चिंचाळकरांनी सर्व ऐकले आणि म्हणाले, "ऑफिसर, तुमच्या बोलण्यात चार मुद्दे आले. यांपैकी मुख्य कोणता?" मी शेजारच्या सीटवर बसून समोरच्या कप्प्याकडे पाहत होतो. मुख्य मुद्दा दंडाचे तिकीट हा निघाला.

अशा माणसाशी मी मैत्री का ठेवली, असे माझ्या मुलाने विचारले आहे. त्याचे कारण त्यांच्या पत्नी, शैलजावहिनी.

वहिनी मूळच्या साताऱ्याच्या. येथील गावाच्या ग्रंथालयात त्यांनी अनेक वर्षे काउंटर सांभाळला. त्यांच्या इंग्रजीत सातारा होता आणि तो ग्रंथालयात येणाऱ्या कोणालाही खुपला नाही. माझ्या मुलाच्या घरी सर्व जण कामावर असतात. दुपारी वहिनी मला बिनसाखरेचा चहा देतात, माझ्या मधुमेहाचा उल्लेखही न करता. एवढे पुरेसे आहे.

त्यांची मुलगी रेवा हिचे लग्न एका अमेरिकन इंजिनिअराशी झाले, येथल्याच एका हॉटेलात. मी तेथे होतो. व्याह्यांकडची मंडळी इंग्रजीच बोलणारी, म्हणून वहिनींनी दोन शब्द इंग्रजीत लिहून आणले होते. ते त्यांनी नवऱ्याला आधी दाखवले नव्हते. त्या उभ्या राहिल्या आणि वाचू लागल्या. दुसऱ्या वाक्यात काहीतरी किरकोळ चुकले. काय ते मी लिहीत नाही. लिहावे इतके ते मोठे नव्हते. चिंचाळकर पुढच्या टेबलावरून मोठ्याने म्हणाले, ते वाक्य कसे असायला हवे ते. वहिनींनी तसे दुरुस्त करून वाचले. आणखी दोन वाक्यांनंतर ते पुन्हा म्हणाले. या वेळी मंडळी हसली. दुष्टपणे नव्हे, वयस्क जोडप्याची गंमत म्हणून हसली. मी हसलो नाही, पण मी एरवीही हसत नाही. मी ताटातल्या ब्रोकोलीकडे पाहत होतो.

वहिनींनी कागदाची घडी केली, "थँक यू" म्हणाल्या आणि खाली बसल्या. कागदावर अजून बरेच उरले होते. घडी जाड होती.

त्या दिवसापासून त्या चिंचाळकरांशी बोलल्या नाहीत. या उन्हाळ्यात त्याला तीन वर्षे होत आली होती.

अबोला म्हणजे भांडण नव्हे. भांडणाला दोघे लागतात. चिंचाळकरांना नाश्ता वेळेवर मिळे, शर्टाला इस्त्री असे, रक्तदाबाची गोळी पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवलेली असे. फक्त शब्द नसे. मी जेवायला असलो की वहिनी मला म्हणत, "भाऊजी, त्यांना विचारा, भात वाढू का?" ते हाताच्या अंतरावर बसलेले असत. मी विचारी. ते मला सांगत, "थोडा." मी वहिनींना सांगे, "थोडा." दोन्ही पक्ष एकच भाषा बोलत असताना दुभाषा नेमल्याचे हे माझ्या माहितीतील एकमेव प्रकरण आहे.

मी नसेन तेव्हा ही जबाबदारी स्वयंपाकघरातल्या बोलक्या डब्यावर असे. गाणी लावतो, हवामान सांगतो तो डबा. वहिनी त्याला मराठीत सांगत, "उद्या सकाळी प्लंबर येणार आहे, कुणीतरी घरी थांबायला पाहिजे." डबा इंग्रजीत क्षमा मागून म्हणे की मला हे समजले नाही. चिंचाळकरांना समजलेले असे.

मी चिंचाळकरांना कारण कधी विचारले नाही, कारण ते मी पाहिले होते. पण एकदा एवढेच विचारले, "वहिनी केव्हा बोलतील असे वाटते?" ते म्हणाले, "ते मजकुरात नाही, जजसाहेब."

आमच्या आणि त्यांच्या घरांच्या मध्ये लिन राहते. ती औषधांच्या प्रयोगशाळेत काम करते. तिचा भाऊ चीनमध्ये एका विद्यापीठात इंग्रजी शिकवतो. तेथील विद्यार्थ्यांना पदवीबरोबर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. तीत वाचन असते आणि श्रवण असते. सरावाच्या ध्वनिफितींत तेच ते दोन गुळगुळीत अमेरिकन आवाज ऐकून मुले कंटाळली होती. भावाला निराळे आवाज हवे होते. लिन वहिनींकडे आली. इंग्रजीतच बोलली, पण प्रस्ताव स्पष्ट होता. "मॅडम, आमची मुलं उद्या इंडियन इंजिनिअर्सबरोबर काम करणार. त्यांना तुमचं बोलणं कळायला हवं. तुम्ही वाचाल?"

चिंचाळकर सोफ्यावरून एकदम म्हणाले, "मजकूर मी लिहीन." थोडा विराम. "मजकूर मी लिहीन."

लिनला फार आनंद झाला. तिला संवाद हवेच होते आणि संवादाला पुरुषही लागणार होता. वहिनींनी चहाचे कप गोळा केले. मग मला म्हणाल्या, "भाऊजी, त्यांना सांगा, लिहून येईल ते मी वाचेन. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही."

मी सांगितले.

अशा परीक्षेत एक पुरुष बोलतो, एक स्त्री बोलते आणि नंतर तिसरा आवाज प्रश्न विचारतो. तो आवाज कोरडा हवा; ऐकणाऱ्याला उत्तराचा सुगावा लागता कामा नये. चिंचाळकर मला म्हणाले, "जजसाहेब, असा आवाज बाजारात मिळत नाही." याला मी प्रशंसा समजलो. समजायला नको होते.

ध्वनिमुद्रणाची जागा म्हणजे वरच्या मजल्यावरील झोपण्याच्या खोलीतली कपड्यांची खोली. येथे कपाटाऐवजी अशी आत शिरता येणारी खोली असते. भोवती कपडे टांगलेले असले की आवाज घुमत नाही, हे चिंचाळकरांचे संशोधन. एका बाजूला वहिनींच्या साड्या, दुसऱ्या बाजूला हिवाळ्याचे कोट. चिंचाळकर एका बॅगेवर बसत, वहिनी स्टुलावर आणि दोघांच्या मध्ये, चपलांच्या मांडणीवर, मी. समोर पालथ्या पातेल्यावर फोन. एसीचा आवाज येतो म्हणून एसी बंद. जुलै महिना, न्यू जर्सीचा दमट उकाडा, डांबरगोळ्यांचा वास. शेजारी कोणी गवत कापायचे यंत्र सुरू केले की आम्ही तिघे घाम पुसत, न बोलता, ते थांबण्याची वाट पाहत असू. ज्याने जन्मठेपेच्या शिक्षा सुनावल्या त्याने टांगलेल्या परकरांखाली बसून "बस किती वाजता सुटेल?" असे विचारावे, हे मला शोभत नव्हते. मी साड्यांच्या काठांकडे पाहत असे.

संवाद अर्थातच इंग्रजीत असत. येथे मी ते मराठीत देतो. पात्रे विद्यार्थी असत. सत्तरी ओलांडलेले चिंचाळकर वसतिगृहातले कपडे धुण्याचे यंत्र बिघडल्याची तक्रार करीत. वहिनी त्यांच्या वर्गमैत्रीण होत, प्राध्यापिका होत, दंतवैद्याच्या स्वागतिका होत.

"सुप्रभात. मी आपली काय सेवा करू शकते?" वहिनी विचारत.

"माझी दाढ दुखते आहे," चिंचाळकर सांगत.

"अरेरे. फार दुखते आहे का?"

"कालपासून फार."

"आपण बसा. डॉक्टर आपल्याला लगेच पाहतील."

ते एकमेकांकडे पाहत नसत, कागदाकडे पाहत. पण वहिनींच्या आवाजात त्या दाढेविषयी खरीच कळकळ असे. मग मी विचारी, "हा संवाद कोठे घडत आहे?" संवाद कपड्यांच्या खोलीत घडत आहे हे उत्तर पर्यायांत नसे. मग सर्व पुन्हा एकदा, कारण प्रत्येक संवाद दोनदा. फोन बंद झाला की वहिनी म्हणत, "भाऊजी, झालं का ते विचारा त्यांना."

काही आठवड्यांनी माझ्या लक्षात एक गोष्ट आली. संवादातला पुरुष फार क्षमा मागू लागला होता. आधी त्याने मैत्रिणीची छत्री हरवली. पुढच्या वेळी तिच्या टिपणांवर कॉफी सांडली. मग नाटकाला उशिरा पोहोचला, मग तिचे पुस्तक ग्रंथालयात परत करायला विसरला. प्रत्येक वेळी तो म्हणे, "मला क्षमा कर. माझ्या हातून चूक झाली." आणि तेथे कागद संपे. वहिनींना उत्तर लिहिलेले नसे. माझा प्रश्न येई, "यावर ती काय म्हणेल?" आणि चार पर्याय. विद्यार्थ्याने त्यांतून निवडायचे. परीक्षेत अशी एक पद्धत आहे, हे मान्य. पण प्रत्येक वेळी तीच?

आमच्या वसाहतीत पावसाचे पाणी साठवण्याचे एक तळे आहे. तेथे बदके नसून मोठे रानहंस असतात आणि ते माणसांना मुळीच मान देत नाहीत. तेथे फिरताना मी विचारले.

"चिंचाळकर, त्या बाईला उत्तर का देत नाही?"

ते एका रानहंसाला वळसा घालून पुढे गेले.

"मी लिहिलं तर ती वाचेल, जजसाहेब. 'हरकत नाही' असं लिहिलं, तर 'हरकत नाही' असं वाचेल. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. पण ते माझं वाक्य झालं. तिचं कुठे झालं?"

"मग तोंडाने सांगा. एकदाच. मराठीत."

"माझं तोंड उघडतं ते दुसऱ्याचं दुरुस्त करायला. दुसऱ्या कशासाठी उघडायची त्याला सवय नाही." ते थांबले. "आणि मी बोललो ते चारचौघांत. मग माफी बंद खोलीत मागायची? ती पण चारचौघांतच हवी ना? तिकडे वर्गच्या वर्ग भरलेले आहेत. सगळे कान देऊन ऐकतात. ऐकावंच लागतं त्यांना, मार्क असतात."

मी रानहंसांकडे पाहू लागलो.

"लाज वाटते," ते म्हणाले. मी सवयीने थांबलो, पण हे वाक्य त्यांनी दुसऱ्यांदा उच्चारले नाही.

ऑगस्टच्या सुरुवातीला लिन भावाचा निरोप घेऊन आली. आम्ही मागच्या लाकडी ओट्यावर बसलो होतो. वहिनी कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालत होत्या. ते झाड त्यांनी येथल्या थंडीत वर्षानुवर्षे जगवले आहे. हिवाळ्यात आत, उन्हाळ्यात बाहेर, लेकरासारखे.

"माझा भाऊ फार खूश आहे," लिन म्हणाली. "मुलं म्हणतात, मॅडमचं बोलणं एकदा ऐकलं की कळतं. सरांचं मात्र दोनदा ऐकावं लागतं."

वहिनींनी तिच्यापुढे चकल्यांची ताटली सरकवली. त्या दिवशी लिनला जितक्या चकल्या मिळाल्या तितक्या मला वर्षभरात मिळालेल्या नाहीत.

"पण मुलं एक विचारतात." लिन चिंचाळकरांकडे वळली. "हा माणूस सारखा सॉरी का म्हणतो? वर्गात चर्चा झाली. एक मुलगी म्हणाली, छत्री नाही, कॉफी नाही. छत्रीसाठी कुणी इतकं सॉरी म्हणत नाही. याने काहीतरी मोठं केलं आहे. सर, काय केलं आहे याने?"

चिंचाळकरांचे कान लाल झाले. "मजकुरात नाही," ते इंग्रजीत पुटपुटले.

वहिनींची पाठ आमच्याकडे होती. कुंडी केव्हाच भरली होती. पाणी कुंडीखालच्या ताटलीतून वाहून त्यांच्या चपलांपर्यंत आले, तरी त्या ओततच होत्या. मी त्या पाण्याकडे पाहत होतो.

त्याच सुमारास ठरले की वहिनी टेक्सासमधल्या शुगर लँडला जाणार. रेवा तेथे राहते आणि तिचे बाळंतपण जवळ आले होते. तिने आईला तिकीट पाठवले, फक्त जाण्याचे. वडिलांना तिने फोनवर सांगितले, "बाबा, यू आर वेलकम एनी टाइम. पण आधी आईशी बोला. रिअली बोला." चिंचाळकरांनी हे मला जसेच्या तसे ऐकवले. दोनदा.

दुसऱ्या दिवशी ते आमच्या दाराशी आले. आत बसले नाहीत.

"जजसाहेब, तिच्या बॅगेत लोकरीची शाल आहे. आणि जाड स्वेटर. शुगर लँडला, ऑगस्टमध्ये. तिथे आता माणसं वितळतात. यावरून काय निष्कर्ष निघतो? अ, तिथे घरात एसी फार असतो. ब..."

'ब' ते बोलले नाहीत. मी वाट पाहिली. ते वळून निघून गेले. वहिनी थंडीतही तेथेच राहणार, हा 'ब' असावा. कदाचित त्यापुढेही.

मी वहिनींना विचारले, "परत केव्हा?"

"त्यांनी विचारायला सांगितलं?"

"नाही. पण त्यांना हवे आहे."

"मग सांगा, ठरलं नाही."

मी सांगितले. निकाल सांगताना मी कधी पक्षकाराच्या तोंडाकडे पाहत नसे. तेव्हाही पाहिले नाही.

जाण्याच्या आदल्या दिवशी दुपारी शेवटचे मुद्रण ठेवले होते. आम्ही कपड्यांच्या खोलीत शिरलो. चिंचाळकरांनी नेहमीप्रमाणे एक टाळी वाजवून पाहिली. आवाज घुमला. त्यांनी पुन्हा वाजवली. पुन्हा घुमला. वहिनींच्या साड्या बॅगेत गेल्या होत्या आणि त्या बाजूची दांडी रिकामी होती. चिंचाळकर थोडा वेळ त्या दांडीकडे पाहत उभे राहिले. मग त्यांनी आपले कोट एकेक करून काढले आणि साड्यांच्या जागी टांगले. टाळी वाजवली. थोडे बरे झाले. पूर्ण बरे झाले नाही.

त्यांनी कागद वाटले. माझ्या कागदावर प्रश्न होता आणि त्याखाली अ, ब, क, ड. चारही अक्षरांपुढे जागा कोरी होती.

"पर्याय?" मी विचारले.

"सुचले नाहीत," ते म्हणाले.

या मनुष्याने माझ्या पोटाच्या तक्रारीला चार पर्याय दिले होते, पोलिसाचेही चार मुद्दे मोजले होते.  त्यांनी फोन सुरू केला.

वहिनींना त्या दिवशी एकही वाक्य लिहिलेले नव्हते. चिंचाळकरांनी आपला कागद दोनदा सरळ केला. तो आवाजही मुद्रित झाला असणार. ते इंग्रजीत वाचू लागले. "तू बोलत होतीस, तेव्हा मी मध्ये बोललो. सर्वांच्या देखत. तुझे बोलणे पुरे झाले नाही. ते काय होते हे मी अजूनही विचारू शकलेलो नाही. मला क्षमा कर."

छत्री नव्हती. कॉफी नव्हती.

माझी पाळी आली. "यावर ती काय म्हणेल?" मी वाचले. आवाज कोरडा राहिला. अ, ब, क, ड ही चार अक्षरे वाचायची की नाही हे मला ठरवता येईना, म्हणून मी समोरच्या कोटांच्या गुंड्यांकडे पाहत राहिलो. कोठे गवत कापण्याचे यंत्रही सुरू नव्हते. ते असते तर बरे झाले असते.

चिंचाळकरांनी फोन बंद करण्यासाठी हात पुढे केला.

"दोनदा असतं ना?" वहिनी म्हणाल्या.

मी सवयीने ते पुढे पोहोचवण्यासाठी तोंड उघडले. मग माझ्या लक्षात आले की वाक्यात 'भाऊजी' नव्हते. 'त्यांना सांगा' नव्हते. वहिनी माझ्याकडे पाहतच नव्हत्या.

"दुसऱ्यांदा म्हणा," त्या म्हणाल्या. "आणि मराठीत म्हणा."

मी चपलांच्या मांडणीवरून उठलो. गुडघा आखडला होता. उठायला वेळ लागला. मी बाहेर आलो आणि दार लावून घेतले. बंद दाराआडच्या सुनावणीत इतर सर्व बाहेर जातात आणि न्यायाधीश आत राहतो. येथे उलटे झाले. जे ऐकण्याचा मला अधिकार नव्हता ते इतके दिवस मी त्यांच्या मध्ये बसून ऐकत होतो, याची मला बाहेर उभे राहिल्यावर लाज वाटली. मी खाली स्वयंपाकघरात जाऊन बसलो. आत काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही.

बऱ्याच वेळाने चिंचाळकर एकटेच खाली आले. चष्मा त्यांच्या हातात होता. डोळ्यांकडे मी पाहिले नाही. त्यांनी गॅसवर आधण ठेवले, चहाची पूड घातली. या घरात त्यांनी चहा केलेला मी कधी पाहिला नव्हता. डबे कोठे आहेत हे त्यांना माहीत होते, याचे मला नवल वाटले.

जिन्याच्या वरून वहिनींचा आवाज आला.

"अहो, भाऊजींच्या चहात साखर घालू नका. आणि कढीपत्त्याला रोज थोडं थोडं पाणी घाला, मी येईपर्यंत."

'अहो' हा शब्द त्या घरात मी तीन वर्षांत ऐकला नव्हता. माझ्या घरात त्याहून अधिक काळ.

चिंचाळकर माझ्याकडे पाठ करून उभे होते. "हो," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, "हो." मग त्यांनी चहा गाळला आणि कप माझ्यासमोर ठेवला. समोर बसले. मी वाट पाहिली. प्रश्न आला नाही. पर्याय आले नाहीत. ते खिडकीतून बाहेर, ओट्यावरच्या कुंडीकडे पाहत होते.

मी चहाचा घोट घेतला. चहात साखर होती, दोन चमचे तरी असावी. दोन वाक्यांपैकी त्यांनी एकच ऐकले होते.

मी काही न बोलता चहा संपवला.